गाडीतली दुसरी बॅटरी: आधी हिशेब, मग खरेदी

डिझेल गाडीचा सेल्फ मारला की बॅटरीतून अडीचशे-तीनशे अँपिअरचा लोंढा सुटतो. आकडा छाती दडपवणारा असला, तरी सेकंद-दीड सेकंदात सगळं आटोपतं आणि बॅटरीतून जेमतेम ०.१ एएच (अँपिअर-तास) वीज गेलेली असते. गाडीत ठेवायचा चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना चारच अँपिअर घेतो, पण तेवढी वीज तो दीड मिनिटात संपवतो. सेल्फचं काम तिथेच संपतं. फ्रिजचं रात्रभर चालू राहतं.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर, भंडारदऱ्याच्या काठावर किंवा कासच्या वाटेवर सुटीच्या सकाळी एखाद्या दणकट गाडीच्या बॉनेटखालून नुसताच ‘कट-कट’ आवाज येतो आणि शेजारच्या तंबूतल्या लोकांकडे जम्पर केबलची विचारणा सुरू होते, ती या हिशेबामुळे. ६०-७० एएचची गाडीची बॅटरी रात्रभरच्या फ्रिजने, दोन दिव्यांनी आणि चार मोबाइलनी अर्ध्याच्या खाली जाते. थंडीत गारठलेल्या इंजिनाला फिरवण्याइतका जोर तिच्यात उरत नाही. मग परतल्यावर पहिला निश्चय होतो तो दुसरी बॅटरी बसवण्याचा, आणि दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, “शंभर एएच केवढ्याला?”

इथेच गाडी चुकीच्या वळणाला लागते. दुसरी बॅटरी ही या सगळ्या मांडणीतली सर्वांत शेवटी निवडायची वस्तू आहे. रोजची वीज किती लागणार आणि ती परत कुठून, किती वेगाने भरली जाणार, या दोन गोष्टी कागदावर आल्या की बॅटरीचा प्रकार आणि आकार जवळजवळ आपोआप ठरतो. उलट्या क्रमाने गेलं की महागडी बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते आणि दोन वर्षांत भंगारात जाते.

त्याआधी एक गल्लत दूर करायला हवी. काही गाड्यांमध्ये कारखान्यातूनच दोन बॅटऱ्या येतात आणि त्यांचा या विषयाशी संबंध नसतो. मारुती सुझुकीच्या स्मार्ट हायब्रिड पद्धतीत २०१८पासून सियाझ आणि अर्टिगामध्ये सीटखाली लिथियम-आयनची छोटी बॅटरी आली. ती ब्रेक लावताना मिळणारी ऊर्जा साठवते आणि इंजिनाला हातभार लावते. इनोव्हा हायक्रॉससारख्या पूर्ण हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीबरोबर १२ व्होल्टची एक साधी सहायक बॅटरी असते, आणि ती बसली तर मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. या बॅटऱ्यांवर फ्रिज किंवा दिवे जोडायचे नसतात, आणि गल्लीतल्या वायरमनने तिथे हात घालण्याचंही कारण नाही.

ट्रक आणि बसमधल्या जोडबॅटऱ्यांची गोष्टही वेगळी. तिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पण दिंडीबरोबर जाणाऱ्या ट्रकवर भजनाचा अँप्लिफायर १२ व्होल्टचा असला, की दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढून काम भागवलं जातं. आठ-दहा दिवस काही कळत नाही. एक बॅटरी मात्र रोज उपाशी राहते आणि दुसरी रोज जास्त भरली जाते, कारण अल्टरनेटर दोघींना मिळून एकच समजतो. पंढरपूर येईपर्यंत एकीचं पाणी आटलेलं आणि दुसरी सल्फेट धरलेली, अशी दोघींची वाट लागते. तिथे २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवणं एवढाच उपाय आहे, आणि तो नव्या बॅटरीच्या मानाने अगदी स्वस्त पडतो.

आता हिशेब. एका कुटुंबाची मे महिन्यातली दापोलीजवळची सहल धरू. बाहेर ३४-३५ अंश आणि हवेत दमटपणा, म्हणजे फ्रिजची मोटर दिवसाचा निम्मा वेळ तरी चालणार. बारा तास गुणिले चार अँपिअर, म्हणजे ४८ एएच. पाच-पाच वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास लावले तर चार एएच. चार मोबाइल भरायला सहा. रात्री वीस वॅटचा पंखा आठ तास फिरला तर तेरा. बेरीज होते ७१. तेच कुटुंब डिसेंबरात महाबळेश्वरला गेलं तर फ्रिज आठ तासांवर येतो, पंखा लागत नाही आणि बेरीज ४२च्या आसपास थांबते. एकाच गाडीची गरज ऋतूप्रमाणे एवढी बदलते, त्यामुळे हिशेब नेहमी उन्हाळ्याचा करावा. गाडी उन्हात काचा लावून उभी राहणार असेल तर फ्रिजचे तास आणखी वाढवावेत. तशा गाडीत मोटर थांबायचं नावच घेत नाही.

इन्व्हर्टरने २३० व्होल्ट काढून घरची उपकरणं चालवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. दीड हजार वॅटची किटली लावली तर बॅटरीतून सव्वाशे ते दीडशे अँपिअर खेचले जातात. एक लिटर पाणी उकळायला एकूण वीज आठ-नऊ एएचच लागते, म्हणजे साठ्याच्या दृष्टीने ती किरकोळ आहे. अडचण त्या खेचेची आहे. शंभर एएचच्या बहुतेक लिथियम बॅटऱ्यांमधली संरक्षक सर्किटं शंभर अँपिअरच्या पुढे गेलं की सरळ वीज तोडतात, आणि शिशाच्या बॅटरीचं व्होल्टेज एवढं कोसळतं की इन्व्हर्टर ओरडायला लागतो. चहा गॅसवरच करावा. इन्व्हर्टर लॅपटॉपपुरता लहान, शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा आणि काम झालं की बंद करावा, कारण काहीही न जोडता चालू राहिलेला इन्व्हर्टर अर्धा ते एक अँपिअर घेत राहतो. एका दिवसात बारा ते चोवीस एएच नुसते हवेत जातात, म्हणजे फ्रिजच्या हिवाळी गरजेचा मोठा वाटा.

आता बॅटऱ्यांचे प्रकार. गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ पट्ट्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. पृष्ठभाग जास्त असल्याने क्षणात प्रचंड प्रवाह देता येतो, पण त्या खोलवर रिकाम्या केल्या की पट्ट्यांवरचा सक्रिय थर झडायला लागतो. म्हणून नवी गाडीची बॅटरी घेऊन जुनी ‘दुसरी’ म्हणून मागे ठेवायची ही लोकप्रिय युक्ती एखाद्या हंगामापुरतीच टिकते. दुसरी बॅटरी म्हणून जाड पट्ट्यांची, पुन्हा पुन्हा रिकामी होऊन भरली जाणारी, म्हणजेच डीप सायकल जातीची बॅटरी लागते.

घराच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी या जातीची आहे, स्वस्त आहे आणि प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळते. तरीही ती गाडीत नको. पन्नास-साठ किलो वजन, उंच डबा, आत हिंदकळणारं अ‍ॅसिड आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन. बंद गाडीत झोपणाऱ्या माणसांच्या उशाशी असं काही ठेवू नये. ई-रिक्षाच्या पाण्याच्या बॅटऱ्यांनाही हाच आक्षेप. पिकअपच्या उघड्या हौद्यात, हवेशीर पेटीत घट्ट बांधून त्या चालू शकतात. फिरत्या रसवंतीला किंवा आठवडी बाजारातल्या दुकानाला त्या परवडतातही.

एजीएम बॅटरीत अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. सांडत नाही, पाणी घालावं लागत नाही आणि नीट चार्ज केली तर वायू बाहेर पडत नाही. मात्र आपल्याकडे दुकानात ‘एसएमएफ’ म्हणून जी शंभर एएचची बॅटरी पुढे केली जाते ती बहुतेक वेळा ऑफिसच्या यूपीएससाठी बनलेली असते. तिची रचना वर्षभर भरलेल्या अवस्थेत थांबून अधूनमधून दहा-वीस मिनिटं काम करण्यासाठी केलेली असते. रोज रात्री अर्धी रिकामी करायला सुरुवात केली की ती लवकर थकते. म्हणून माहितीपत्रकात सायकलचा आकडा बघावा: ५० टक्के रिकामी करून किती वेळा? चांगल्या डीप सायकल एजीएमला हा आकडा चारशे-सहाशेच्या घरात असतो. तो छापलेलाच नसेल तर ती बॅटरी या कामाची नाही असं समजावं. आणि शंभर एएच हा आकडाही तासांशी बांधलेला असतो. सी २० म्हणजे वीस तासांत संथपणे, पाच अँपिअरने वापरली तर शंभर. वीस-तीस अँपिअर ओढायला लागलं की शिशाची बॅटरी त्याहून बरीच कमी देते.

लिथियममध्ये गाडीसाठी एकच रसायन धरून चालावं, लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे बाजारातल्या बोलीत एलएफपी. ३.२ व्होल्टचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात आणि १२ व्होल्टच्या सगळ्या उपकरणांशी त्यांचं जुळतं. मोबाइल आणि अनेक विजेवरच्या स्कूटरमध्ये असतात त्या सेलचं रसायन वेगळं असतं, व्होल्टेज नीट जुळत नाही आणि ते पेटण्याचा धोकाही अधिक. शंभर एएचची एलएफपी बॅटरी अकरा ते तेरा किलोची, तर तेवढीच एजीएम तीसच्या आसपास. एजीएममधून पन्नास एएच वापरावेत, एलएफपीमधून ऐंशी-नव्वद वापरता येतात. म्हणजे वरच्या दापोलीच्या ७१ एएचला एजीएमच्या दोन बॅटऱ्या, साठ किलो वजन, एलएफपीची एकच. ऐंशी टक्के रिकामी करूनही दोन हजारांहून जास्त वेळा ती भरता येते. किंमत एजीएमच्या साधारण दुपटी-तिपटीने पडते, पण वर्षातून पंधरा-वीस रात्री बाहेर काढणाऱ्याने आणि रोज गाडीवर धंदा करणाऱ्याने हे गणित वेगवेगळं मांडायला हवं. पहिल्याला चांगली एजीएम पुरते. फूड ट्रक, फिरता दवाखाना किंवा कॅमेऱ्यांचं सामान घेऊन फिरणारा चमू असेल तर एलएफपीशिवाय दुसरा विचार करू नये.

एलएफपीची एक अट लडाखला जाणाऱ्यांनी कागदावर लिहून ठेवावी. सेलचं तापमान शून्याखाली गेलेलं असताना ती चार्ज करायची नसते. तेव्हा लिथियम पट्टीत शिरण्याऐवजी तिच्यावर धातूच्या थरासारखा साचतो आणि क्षमता कायमची घटते. वीज काढायला मात्र हरकत नाही. साडेचार हजार मीटरच्या आसपास, त्सो मोरिरीच्या काठी सप्टेंबरअखेरीसही पहाटे पारा शून्याखाली असू शकतो, आणि नेमकं तेव्हाच गाडी सुरू केली जाते. म्हणून थंडीत चार्जिंग तोडणारं सर्किट आत आहे का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्यावं. बॅटरी गाडीच्या आत, सीटच्या आडोशाला असेल तर माणसांच्या उबेत तीही सांभाळली जाते.

विदर्भात प्रश्न उलटा. शिशाच्या बॅटरीचं तापमान २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला बाहेरच ४५ अंश, तर तापलेल्या इंजिनाशेजारी बॉनेटखाली काय होत असेल! जागा रिकामी दिसते म्हणून दुसरी बॅटरी तिथे कोंबू नये. एलएफपी तर मुळीच नाही. पुढच्या सीटखाली किंवा डिकीत, मागच्या चाकांच्या पुढे, ही जागा बरी. ती नुसती ठेवायची नसते. पट्टे प्लायवुडला नाही, तर गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेल्या पट्टीला बांधावेत. घाटात जोरात ब्रेक लागला तर तीस किलोचा ठोकळा सीटच्या पाठीवर येऊन आदळेल, एवढं डोळ्यांसमोर आणलं तरी पुरे.

खरी मेख मात्र चार्जिंगमध्ये आहे, आणि बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

जुनी पद्धत सोपी होती. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज १३.३च्या वर गेलं की एक रिले दोन्ही बॅटऱ्या जोडून टाकतो. इंजिन बंद झालं आणि व्होल्टेज १२.८ला आलं की तोडतो. या व्होल्टेज सेन्सिंग रिलेवर, म्हणजे व्हीएसआरवर, जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस वर्षानुवर्षं चालल्या. त्या गाड्यांचा अल्टरनेटर कायम चौदा व्होल्टच्या आसपास देत असे, म्हणून ते जमत होतं. १ एप्रिल २०२०पासून बीएस ६ आलं आणि इंधनाचा थेंबन्‌थेंब वाचवण्यासाठी अनेक गाड्यांत ‘स्मार्ट’ अल्टरनेटर दिसू लागले. पायाने अ‍ॅक्सिलरेटर सोडला, गाडी उताराला लागली, की तो व्होल्टेज पंधरापर्यंत चढवतो. सपाट रस्त्यावर गाडीची बॅटरी पुरेशी भरलेली दिसली की साडेबारापर्यंत उतरवतो. व्हीएसआर बिचारा गोंधळतो. पुणे-कोल्हापूर चार तास गाडी चालूनही मागची बॅटरी जिथल्या तिथेच.

आपल्या गाडीत कोणता अल्टरनेटर आहे ते शोधायला मल्टिमीटर पुरतो. बॅटरीवर तारा लावून मीटर शेजारच्या सीटवर बसलेल्याच्या हातात द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवावी. आकडा १३.८ ते १४.४मध्ये स्थिर राहिला तर जुन्या पद्धतीचा. उतारावर १४.८ आणि सपाटीवर १२.६ असा झोके घेत असेल तर स्मार्ट.

स्मार्ट अल्टरनेटर असेल किंवा मागे एलएफपी बसवायची असेल, तर डीसी-डीसी चार्जर लागतोच. रिले म्हणजे दोन टाक्यांना जोडणारा नुसता पाइप, पाणी समान पातळीवर आलं की संपलं. डीसी-डीसी चार्जर हा मधे बसवलेला पंप, जो खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत हव्या त्या पातळीपर्यंत चढवतो. आत १२.६ आले तरी तो बाहेर १४.४ देतो, आणि एजीएम की एलएफपी हे निवडता येतं. व्हिक्ट्रॉन, रेडार्क, सीटेक यांचे चार्जर जगभर वापरले जातात. घेताना एक गोष्ट पक्की करावी, स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत चार्जरला ‘इंजिन सुरू आहे’ हे सांगणारी इग्निशनची वेगळी तार जोडावी लागते. ती जोडली नाही, तर एक तर चार्जर वाटेतच बंद पडतो किंवा गाडी उभी असताना पुढची बॅटरी रिकामी करत बसतो.

एलएफपी थेट अल्टरनेटरला जोडण्याचा सल्ला काही गॅरेजमध्ये अजून मिळतो. तो मानू नये. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते. रविवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात रांगेत इंजिन मंद फिरत असतं, अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि मागची बॅटरी मात्र त्याला पूर्ण ताकदीने पिळून घेत असते. गुंडाळी जळायला तेवढं पुरतं. शिवाय बॅटरीच्या सर्किटने मधेच वीज तोडली तर व्होल्टेजचा जो फटका उसळतो तो अल्टरनेटरच्या डायोडपासून गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत कुणालाही बसू शकतो. साध्या एसयूव्हीला २५ ते ३० अँपिअरचा चार्जर पुरे होतो. ऐंशी एएच रिकामी झालेली बॅटरी तीस अँपिअरने पावणेतीन तासांत भरते. म्हणजे रोज तेवढा वेळ गाडी चालवणाऱ्याला सौर पॅनेलचीही गरज नाही.

एकाच जागी दोन-तीन रात्री काढणाऱ्याला मात्र आहे. शंभर वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला २५ ते ३० एएच देतं. जुलैत, ढगांखाली, यातलं किती हाती लागेल हे सांगायला नकोच. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा पर्यटनात ज्या मुक्कामी वीजजोडणी मिळते तिथे गाडीत बसवलेला २३० व्होल्टचा चार्जर रात्रीत सगळं काम करतो. तोही बॅटरीच्या जातीचाच हवा. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर एलएफपीला लावू नये.

तारेत केलेली काटकसर सर्वांत महाग पडते. पुढून मागे पाच मीटर जायचं आणि परतीची तारही ओढली तर तेवढंच परत यायचं, म्हणजे दहा मीटर तांबं. सहा स्क्वेअर एमएमच्या केबलमधून तीस अँपिअर नेले तर वाटेतच ०.९ व्होल्ट गळतात. सोळाच्या केबलमध्ये ०.३. चार्जर तेवढी घट भरून काढतो, पण त्यासाठी पुढून आणखी प्रवाह ओढतो आणि तार तापते. फ्रिजचंही तेच. ‘बॅटरी फुल आहे तरी फ्रिज बंद पडतो’ अशी तक्रार असली की दहापैकी बऱ्याच वेळा दोषी असते ती लायटर सॉकेटपर्यंत गेलेली सुतळीएवढी वायर. मोटर सुरू होताना व्होल्टेज घसरतं आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. फ्रिजला मागच्या बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार द्यावी आणि त्याच्यावरची बॅटरी-संरक्षणाची कळ ‘हाय’वरून ‘लो’ला आणावी. ‘हाय’ ही गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीला वाचवण्यासाठी असते.

केबल विकत घेताना टोक चाकूने खरवडून बघावं. वरून तांबूस आणि आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. ती परत करावी.

फ्यूज दोन लागतात, प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागून एक. बरेच वायरमन पुढे एकच टाकतात. पण या तारेच्या दोन्ही टोकांना वीज आहे. मधेच कुठे पत्र्याच्या कडेवर घासून ती उघडी पडली, तर पुढचा फ्यूज उडेल आणि मागची बॅटरी गालिच्याखाली ठिणग्या पाडत राहील. तीस अँपिअरच्या चार्जरला सोळाच्या केबलवर साठचा फ्यूज ठीक. पत्र्यातून आरपार जाताना रबरी ग्रोमेट आणि सगळ्या लांबीवर नालीदार नळी घालावी. उंदरांचा उपद्रव असलेल्या सोसायट्यांमध्ये तर ती दुप्पट गरजेची. मागच्या बॅटरीची निगेटिव्ह तार रंग खरवडून चेसिसला लावावी. नव्या गाड्यांत पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक छोटा सेन्सर बसलेला असतो. तार थेट त्या टोकाला जोडली की सेन्सरला वगळून प्रवाह जातो आणि गाडीचा बॅटरीबद्दलचा सगळा अंदाज चुकतो.

लिथियम घेताना फसवणूक सर्रास होते. वापरलेल्या सेलवर नवं प्लास्टिक चढवून ‘शंभर एएच’चं लेबल लावलं जातं. वजन काट्यावर सात-आठ किलो भरलं तर शंका घ्यावी. खरी परीक्षा हेडलाइटच्या जुन्या साठ वॅटच्या हॅलोजन बल्बने होते. बॅटरी पूर्ण भरायची, बल्ब फरशीवर, कापड-कागदापासून दूर ठेवून जोडायचा आणि घड्याळ बघायचं. तो पाच अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे वीस तासांच्या जवळपास जळायला हवा. अकरा-बारा तासांत विझला तर पावती घेऊन दुकान गाठावं. या परीक्षेला कुणी नाही म्हणत असेल तर तेही उत्तरच आहे.

रोजच्या वापरात शिशाची बॅटरी व्होल्टेजवरून ओळखता येते. काही तास आराम दिल्यावर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी; त्याखाली नेऊ नये. एलएफपीत ही सोय नाही. ऐंशी टक्के असो की चाळीस, मीटर १३.१-१३.२च दाखवतो आणि शेवटी एकदम कोसळतो. तिच्यासाठी गेलेले-आलेले अँपिअर मोजणारा शंटवाला मीटर लावावा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर एजीएम पूर्ण भरून ठेवावी आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी चार्जर लावावा. एलएफपीला उलट निम्म्यावर, पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवलेलं मानवतं.

पुढची बॅटरी कधी बसलीच तर मागच्या एजीएमवरून जम्पर केबलने गाडी सुरू करता येते. एलएफपीवरून सेल्फ मारायचा प्रयत्न केला तर तिचं सर्किट बहुधा वीज तोडून मोकळं होतं. तिच्यावरून छोट्या चार्जरने पुढच्या बॅटरीत पंधरा-वीस मिनिटं वीज भरावी आणि मग किल्ली फिरवावी.

कागदपत्रांचं थोडक्यात. वाहन विम्यात इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज वेगळ्या नोंदवण्याची सोय आहे, आयएमटी २४ या कलमाखाली. प्रीमियम थोडा वाढतो, पण बॅटरी, चार्जर, फ्रिज असा ऐवज गाडीत असताना नोंद करून ठेवणं शहाणपणाचं. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायरिंग कापू नये. पुढच्या बॅटरीच्या टोकावरून फ्यूजसह स्वतंत्र तार घेतली की सर्व्हिस सेंटरशी होणारे बरेच वाद टळतात. जुन्या शिशाच्या बॅटरीला बदल्यात पैसे मिळतात, त्यामुळे ती दुकानात परत जातेच. लिथियमचं तसं नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. खरेदी करतानाच ती परत कुठे द्यायची हे विचारून पावतीवर लिहून घ्यावं.

पहिली लांब सहल ठरवण्याआधी एक शनिवार सोसायटीच्या पार्किंगमध्येच घालवावा. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून, दिवे-पंखा लावून, रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत काय होतं ते मीटरवर बघावं आणि मग तासभर गाडी फिरवून किती परत आलं ते लिहावं. कागदावरचा ७१ आणि प्रत्यक्षातला आकडा यांत फरक निघेल. तो किती आहे यावर दुसरी एलएफपी घ्यायची की पॅनेल लावायचं, की नुसतं फ्रिजवर गोधडीचं आवरण घालायचं, हे ठरतं. जाळ्या उघड्या ठेवून घातलेलं आवरण बऱ्याचदा पुरतं. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला ‘डिकीत दुसरी बॅटरी आहे, फ्यूज इथे’ असं ठळक अक्षरांत चिकटवून ठेवावं. महामार्गावरचा अनोळखी मेकॅनिक पुढच्या बॅटरीचं एक टोक सुटं केलं की गाडीतली सगळी वीज बंद झाली असंच समजतो.